दगडाची कूस

पारख्याने अंगठ्याचं नख ओल्या दगडावरून सावकाश ओढलं, मध्येच थांबला, पुन्हा त्याच जागी नेलं आणि दगड उचलून डाव्या हाताच्या ढिगात टाकला. डावीकडचे सुऱ्या-कात्र्यांसाठी, उजवीकडचे वस्तऱ्यासाठी. सकाळपासून अकरा दगड बघून झाले होते आणि उजवीकडे जेमतेम दोन जमले होते.

खाणीतून माल आला की त्याची पद्धत ठरलेली. आधी दगड बोटांच्या टोकांवर तोलून दुसऱ्या हाताच्या पेराने वाजवायचा. ठणकन बोलला तर पुढे घ्यायचा, भद्द वाजला तर दाराबाहेर. मग पाणी मारून ते किती वेळ टिकतं ते बघायचं. घटाघटा पाणी पिणारा दगड वस्तऱ्याच्या कामाचा नाही. मग थोडं घासून दगड दूध कसं सोडतो ते बघायचं. दूध म्हणजे दगडाची पाण्यात उतरणारी पिठी. ती साईसारखी मऊ हवी. आणि सगळ्यात शेवटी नख. दगडात केसाएवढी कठीण शीर असली तर ती डोळ्यांना दिसत नाही, नखाला मात्र अडते. धार त्या शिरेवरून गेली की तिला बारीकसा दात पडतो, आणि तो दात मग गिऱ्हाइकाच्या गालावर सही करून जातो. शहरातले सगळे सलूनवाले वस्तऱ्याचा दगड याच्याकडूनच नेत, आणि त्यांनीच त्याला पारखी हे नाव ठेवलं होतं. पुढे घरचेही तेच म्हणू लागले.

दाराची कडी वाजली. दारात धाकटा भाऊ उभा होता आणि त्याच्यामागे त्याची मुलगी. धाकट्याच्या खांद्याला कापडी पिशवी होती, आणि आत काहीतरी जड असल्यामुळे त्याचा तो खांदा खाली आला होता.

"दादा, कामात आहेस का?"

भाऊ आला की पारख्याला आनंद व्हायचा आणि त्याच वेळी हा कधी एकदा जातो असंही व्हायचं. गेली एकोणतीस वर्षं हे असंच चाललं होतं. धाकटा शाळेची बस चालवायचा. सुट्ट्या लागल्या की हमखास एक चक्कर मारायचा, येताना काहीबाही घेऊन यायचा आणि कधी एक वाकडा शब्द बोलायचा नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्यासमोर निदान आवाज तरी चढवता येतो.

आज काम पुतणीचं होतं. मैत्रिणीबरोबर ती चौकातला गाळा घेऊन दुकान टाकत होती, आणि तेही खऱ्या वस्तऱ्याचं. पाती बदलत केलेली दाढी म्हणजे कागदी फुलाचा वास, असं तिचं म्हणणं. एका जुन्या कारागिराकडे दोन वर्षं घासून ती शिकली होती. वस्तरे तिच्याकडे होते, धार घोटायचा चामडी पट्टा होता, फक्त शेवटचा हात द्यायला चांगला दगड नव्हता. तो कुठून आणायचा हे विचारल्यावर गुरूने आणि बापाने एकाच माणसाचं नाव घेतलं.

"हात दाखव," पारखी म्हणाला.

तिने तळहात उघडून पुढे केला.

"मी काय ज्योतिषी आहे? वस्तरा धर हातात."

धाकटा हसला. "दाखव बाई. हात दाखवून अवलक्षण नको म्हणजे झालं."

पुतणीने खिडकीजवळच्या बाकावर बसून वस्तरा उघडला, उजवीकडच्या ढिगातला एक दगड पुढ्यात घेतला आणि धार पुढे आणि पाठ मागे ठेवून वस्तरा लोटला, मग उलटवून मागे आणला. पारख्याने तिच्या मनगटाकडे बघितलं आणि बघतच राहिला. मनगट थंड, बोटं सैल, दगडावर भार म्हणाल तर फक्त वस्तऱ्याच्या वजनाचा. असा हात शिकवून येत नाही. असा हात त्याने आयुष्यात एकदाच पाहिला होता.

"बरा आहे ना रे हात?" धाकट्याने विचारलं. "माझ्यावर गेली नाही हे नशीब म्हणायचं."

पारख्याने दगडावर उगाचच पाणी मारलं.

तेवढ्यात पारख्याची बायको चहा घेऊन आली. या घरात नवा माणूस वस्तऱ्याच्या कामाने आला की ती एक गोष्ट सांगतेच. पुतणी काही नवी नव्हती, पण कामाने पहिल्यांदाच आली होती, एवढं निमित्त तिला पुरलं. सासऱ्यांकडे दोन दगड होते. एक साधा, आणि एक त्यांचा स्वतःचा, ज्याला ते कुणाला बोट लावू द्यायचे नाहीत. सासरे अंथरुणाला खिळल्यावर दोन भावांत दोन दगड वाटायची वेळ आली, तेव्हा थोरल्याने साधा दगड स्वतःला ठेवला आणि बापाचा दगड धाकट्याला देऊन टाकला.

"आणि दगडांचा लोभ किती, तर झोपेतसुद्धा दगडच वाजवतील," ती म्हणाली. "पण तेव्हा हात आखडला नाही. असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

"खरंय, वहिनी," धाकटा म्हणाला. तो ते दर वेळी म्हणायचा, आणि दर वेळी मनापासून म्हणायचा.

पारख्याने चहाचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. बायको कपबशा गोळा करून आत गेली.

मग धाकट्याने पिशवी मांडीवर घेतली. आतून जुन्या सदऱ्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, बाकावर ठेवून घड्या उलगडल्या. लाकडी बैठकीत लाखेने बसवलेला राखाडी दगड. बैठकीचा एक कोपरा झिजून गोल झाला होता.

"हा पण आणलाय," तो म्हणाला. "मला काही लाभला नाही. दगडाला काय दोष देणार, हातच तसला. म्हटलं, तिला लाभतो का बघ. आजोबांची वस्तू आहे, कपाटात पडून काय करायची?"

पारख्याने दगडाला हात लावला नाही. खिडकीतून उजेड चांगला येत होता, तरी त्याने उठून दिवा लावला आणि पुन्हा विझवला.

*

त्यांच्या बापाचं तीन खुर्च्यांचं दुकान होतं. मधली खुर्ची बापाची, डावी-उजवी मुलांची. बाप न्यायाने बोलायचा. थोरल्याच्या नखात अक्कल आहे आणि धाकट्याच्या मनगटात, असं तो चार लोकांत सांगायचा, आणि ते खरंही होतं. थोरल्याला दगड बघताक्षणी कळे. धाकट्याला दगडातलं ओ की ठो कळत नसे, पण त्याचा वस्तरा गालावर आला-गेला तरी माणसाची झोप मोडत नसे. आता गोष्ट अशी की गिऱ्हाईक काही नख बघून खुर्चीत बसत नाही. लोक दुकानात येत, थोरल्याची रिकामी खुर्ची बघत, आणि भिंतीशी बाकावर बसून घेत.

"असू दे," म्हणत, "धाकटा मोकळा होऊ दे, मला घाई नाही."

दिवसातून दहादा. चांगली माणसं होती, हसून म्हणायची. थोरला खुर्ची पुसायचा. पुसलेली खुर्ची पुन्हा पुसायचा. एखादी गोष्ट माणसाला आतून कशी कुरतडते हे ज्याला समजून घ्यायचं असेल, त्याने सहा वर्षं रिकामी खुर्ची पुसून बघावी.

मग बापाचं डावं अंग गेलं आणि वाचाही गेली. दुकानामागच्या खोलीत खाटेवर तो पडून असायचा. डोळे शाबूत होते, कान शाबूत होते, उजवा हात हलत होता, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. आता खुर्च्या दोन आणि दगड दोन. धाकटा म्हणाला, दादा, मला दोन्ही सारखेच दिसतात, तुला कळतं त्यातलं, तूच दे मला कुठला तो.

बापाच्या दगडातली खोच फक्त थोरल्याला ठाऊक होती. काही वर्षांपूर्वी बैठक तडकली तेव्हा बापाने दगड त्याच्याकडूनच नव्या बैठकीत बसवून घेतला होता आणि बसवताना दाखवलं होतं. दगडाला दोन कुशी असतात, बाप म्हणाला होता. याची ही कूस सोनं आहे. आणि ही दुसरी, नख फिरव, लागली शीर? ही कूस वस्तऱ्याला कधी दाखवायची नाही, लाखेत गाडून टाकायची. धाकट्याला सांगू नकोस, तो गोंधळेल. तूच काय ते ध्यानात ठेव.

थोरल्याने ते ध्यानात ठेवलं. एका दुपारी दुकान बंद असताना बाप झोपलेला पाहून त्याने मागच्या खोलीत शेगडी पेटवली, लाख ऊन करून सोडवली आणि बापाचा दगड उचलला. शिरेची कूस वर आणली, दोन दगड एकमेकांवर घासून ती आरशासारखी सपाट केली, सोन्याची कूस खाली गाडली. आठच दिवस, असं त्याने स्वतःला बजावलं. फार तर पंधरा. धाकट्याचा वस्तरा जरा खरखरू दे, लोकांना जरा माझ्या खुर्चीत बसून बघू दे. मग एखाद्या दिवशी पुन्हा फिरवून ठेवू, कोणाच्या बापाला कळतंय. असं मनात म्हणत त्याने मान वर केली, तर बाप जागा होता.

बाप किती वेळ बघत होता कोण जाणे. त्याच्या तोंडातून घशातला एक आवाज आला, आणि पुन्हा आला. थोरल्याने शेगडी विझवली.

दगड हातात पडला तेव्हा धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांचाच? मला? मग डोळे पुसून त्याने सहज विचारलं की बैठक जुनी झालीय, नवी करून घेऊ का? थोरल्याने यावर काही ठरवून ठेवलं नव्हतं. तोंडाला आलं ते तो बोलून गेला. बाबा म्हणायचे, उचकटलेला दगड रुसतो. बैठकीतून कधी काढू नकोस. हे तो बापाच्या खाटेशी उभा राहून बोलला. जे बाप कधी बोलला नव्हता ते बापाच्या नावावर, बापाच्या समोर, आणि बापाला 'नाही' म्हणता येत नव्हतं.

बापाची दाढी दोघं भाऊ एकाआड एक दिवस करायचे. धाकट्याच्या तिसऱ्या पाळीला बापाच्या जबड्याखाली रक्ताचा टिपका आला. नंतर धाकट्याने वस्तरा उघडला की बाप तोंड भिंतीकडे फिरवू लागला. आणि त्याच सुमाराला त्याला एक शब्द यायला लागला. एकच. "कूस." ओठ वेडेवाकडे करून, घाम येईपर्यंत, "कू… कूस." म्हणताना उजवा तळहात चादरीवर पालथा ठेवायचा, मग उताणा करायचा, पुन्हा पालथा, पुन्हा उताणा. धाकट्याला वाटे, बाबांना कूस बदलून हवी. तो वस्तरा खाली ठेवायचा, बापाच्या पाठीखाली हात घालून त्याला अलगद दुसऱ्या अंगावर वळवायचा, गुडघ्यांमध्ये उशी द्यायचा. बापाच्या डोळ्यांतून पाणी येई. दुखलं असेल म्हणून धाकटा ते पुसायचा. दिवसातून चारदा, पाचदा. डॉक्टर म्हणाले, सात महिने झोपून असलेल्या माणसाच्या पाठीवर एक फोड नाही, पोरांनी सेवा केली.

थोरला त्या खोलीतच असायचा. त्याच्या पाळीला बाप तोंड फिरवत नसे. डोळे उघडे ठेवून पडून राही. थोरला गालाकडे बघत दाढी करायचा, डोळ्यांकडे कधी बघायचा नाही. रोज ठरवायचा की आज दगड फिरवू. पण धाकटा दगड जिवापाड जपायचा, सोबत घरी न्यायचा. मागून घ्यायचा तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. आज नको, उद्या बघू. उद्याचा परवा झाला. गिऱ्हाइकं मात्र खरोखरच त्याच्या खुर्चीकडे वळली होती, आणि त्यातलं कोणी खुर्चीत बसलं की त्याला आनंद होत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे.

बाप गेला. महिन्याभरात धाकट्याने अंगावरचा एप्रन काढून घडी घालून ठेवला. म्हणाला, बाबांचा दगड असून जमत नाही, म्हणजे हातच खोटा. बाबांना ते आधीच कळलं होतं, दादा. शेवटी शेवटी ते मला गाल देत नव्हते.

*

पुतणीने राखाडी दगडावर पाणी मारलं आणि वस्तरा लोटला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पारख्याच्या कानांनी तो आवाज टिपला. टिक्. नखाने कागद टोचावा एवढासा. खोलीतल्या तिसऱ्या माणसाला तो ऐकू येण्यासारखा नव्हता.

पुतणी थांबली. तिने डोक्यावरचा एक केस उपटून धारेला लावला. धारेच्या टोकाकडे तुटला, मधल्या भागाला नुसता वाकला.

"इथे काहीतरी लागतंय, काका."

"हात हलका ठेव," धाकटा म्हणाला. "माझंही तेच व्हायचं. दगडात काही नाही गं, दादाने स्वतः पारखून दिलाय."

"हात हलकाच आहे, बाबा. दुसऱ्या बाजूने बघू का? बैठकीतून काढून?"

"छे छे! काढायचा नसतो. तुझे आजोबा म्हणायचे, उचकटलेला दगड रुसतो."

"हो, आमचे सरही म्हणतात तसं."

"म्हणणारच. सगळे म्हणतात. आमच्या बाबांचा शब्द आहे तो, शहरभर झाला."

पारख्याला हे माहीत होतं. अनोळखी पोरं त्याच्याकडे दगड घ्यायला येत आणि ते वाक्य त्यालाच ऐकवत. एकदा तर एकाने दुकानात ते रंगवून लावलं होतं, खाली बापाचं नाव घालून. पारखी त्या रस्त्याने जायचं टाळत असे. त्याने मांडलेलं खोटं नांदायला लागलं होतं, त्याला पोरंबाळं झाली होती.

सुटायची वाट होती, आणि ती सरळ होती. तो उठला, फळीवरून स्वतःचा दगड काढला, दोन्ही हातांनी पुतणीपुढे ठेवला.

"तो राहू दे. म्हातारा झालाय आता. हा घे. मी आजवर यावरच काम केलं. याच्याइतका शहाणा दगड तुला मिळायचा नाही."

पुतणी बापाकडे बघू लागली. धाकट्याचा चेहरा बदलला होता. त्याने घसा खाकरला आणि तो भावाकडे न बघता मुलीशी बोलला.

"बघितलंस? तेव्हाही असंच केलं याने. स्वतःच्या हातातलं काढून दिलं. मलाच ठेवता आलं नाही." मग भावाला म्हणाला, "दादा, मी कधी बोललो नाही. पण तू एवढा चांगला दगड दिलास आणि मी तुझं नाव राखलं नाही, याची मला फार लाज वाटते रे. अजून वाटते."

लाज त्याला वाटत होती. पारख्याला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्याने खुर्चीची पाठ धरली. एकोणतीस वर्षं त्याने स्वतःची लाज घरात कुठेकुठे लपवून ठेवली होती, आणि हा भला माणूस त्याच लाजेचं ओझं आपलं समजून वागवत होता. बस चालवताना, पोरीला मोठं करताना, दर सुट्टीत या दारात उभा राहताना.

"बाबा असं कधी म्हणाले नव्हते," पारखी म्हणाला.

"काय?"

"उचकटलेला दगड रुसतो. ते बाबांचं नाही. मी म्हणालो होतो. तुला देताना, तोंडाला आलं म्हणून."

धाकटा किंचित हसला, न कळलेल्या विनोदावर माणूस हसतो तसा. "मग काय झालं? तुझं तर तुझं. चांगलंच आहे की."

पारख्याने खण उघडून बोथट सुरी काढली. बैठक जवळ ओढली, दगडाच्या कडेने सुरी घातली. लाख इतकी वर्षं सुकून काचेसारखी झाली होती. ती तुकड्या-तुकड्यांनी निघून बाकावर पडली. बैठक सरकत होती म्हणून पुतणीने ती धरली. दगड सुटला. त्याने तो हातात घेतला, उलटला, ओल्या फडक्यावर ठेवला आणि वरून पाणी ओतलं.

पाणी कडांवरून वाहून गेलं नाही. दगडाच्या मध्यावर, लांबट उथळ खळग्यात, ते जमून राहिलं.

"ही खालची बाजू ना?" पुतणीने विचारलं. "मग ही कशाने झिजली?"

धाकटा वाकून बघत होता. तो खळगा काय आहे, हे या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. चाळीस वर्षं एकच मनगट एकाच जागी वस्तरा लोटत राहिलं की दगड तिथे बसतो. धाकट्याने अंगठा त्या पाण्यात बुडवला आणि खळग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला.

"ही वरची आहे," पारखी म्हणाला. "बाबांची कूस. मी उलटा बसवून दिला होता. दुसऱ्या अंगाला शीर आहे. मला ठाऊक होती."

आत स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला. पुतणी एकदा काकाकडे आणि एकदा बापाकडे बघत होती. पारख्याने बरंच काही बोलायचं ठरवून ठेवलं होतं, गेली कित्येक वर्षं; रिकाम्या खुर्चीचं, आठ दिवसांचं, आज-उद्याचं. त्यातलं एकही वाक्य आता बाहेर काढण्याच्या लायकीचं उरलं नव्हतं.

धाकट्याचा ओला हात बाकावर पालथा पडला होता. तो हळूच उताणा झाला. मग पालथा. मग पुन्हा उताणा. धाकटा त्या हाताकडे दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा बघत होता.

"कूस," तो म्हणाला.

पारख्याने मान खाली घातली.

"ते दगडाची म्हणत होते." धाकट्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आणि मी त्यांनाच वळवत राहिलो. दिवसातून पाच-पाच वेळा. ते रडायचे, आणि मी उशी द्यायचो."

पुतणीने बापाच्या दंडाला हात लावला. त्याला ते जाणवलं नसावं.

"तू खोलीत असायचास, दादा."

"हो."

"तुला कळत होतं, ते काय म्हणतात ते?"

एवढ्या वर्षांत पारख्याला कुणी हे विचारलं नव्हतं, कारण विचारण्यासारखं काही आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर भावाने आताही ऐकलं असतं. तो तसाच होता.

"हो," पारखी म्हणाला.

धाकट्याने मान हलवली. मग सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि मुलीला म्हणाला, "सरक जरा."

ती उठली. तो बाकावर दगडासमोर बसला, वस्तरा उचलला, उघडून धार उजेडात धरली. शिरेने पाडलेला दात त्याला दिसला की नाही कोण जाणे. त्याने खळग्यात नवं पाणी घातलं आणि वस्तरा लोटला. पहिले दोन हात अडखळत गेले. तिसऱ्यापासून मनगट थंड झालं, बोटं सैल झाली. दगडाने दूध सोडलं, पांढरं, साईसारखं. पारखी कान देऊन उभा होता. आवाज येत नव्हता. पाण्याचा तेवढा, बाकी काही नाही.

बऱ्याच वेळाने धाकट्याने वस्तरा पुसला, आपल्याच पिकलेल्या डोक्यातला एक केस उपटला आणि धारेवर सोडला. केसाचे दोन तुकडे होऊन फडक्यावर पडले. त्याने ते बघितलं आणि वस्तरा पुन्हा दगडावर ठेवला. पुन्हा लोटायला लागला. धार तर झाली होती.

पारख्याची बायको हात पुसत बाहेर आली. बाकावर पसरलेली लाख तिने पाहिली, सुटी बैठक पाहिली, मग दिराकडे तिचं लक्ष गेलं.

"अगंबाई, भावजी! हात तर जसाच्या तसा आहे की हो तुमचा!"

धाकट्याने वर बघितलं नाही. पुतणी तोंडावर हात धरून खिडकीशी गेली.

"आणि तुम्ही असे उभे का?" बायको नवऱ्याला म्हणाली. "बसा की. जागा आहे ना तिथे."

भावाच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. पारखी तिच्याजवळ गेला. खांद्यावरच्या फडक्याने त्याने ती पुसली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभाच राहिला.